अंडाशयाचा कर्करोग : समज आणि वस्तुस्थिती

अंडाशयाचा कर्करोग काहीही चाहूल न देता वाढतो, हा या आजाराबद्दलचा सर्वांत महागात पडलेला गैरसमज. डॉक्टरही बरीच वर्षे तेच मानत आले. तो खोडून निघाला तो रुग्णांमुळे. अमेरिकेत या रुग्णांचे एक वार्तापत्र निघत असे. ते चालवणारी स्त्री स्वतः परिचारिका होती आणि रुग्णही. सिअ‍ॅटलच्या डॉ. बार्बरा गॉफ यांनी त्याच्या वाचकांच्या मदतीने पाहणी केली. 1,725 जणींनी उत्तरे पाठवली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी 95 टक्के स्त्रियांना निदानापूर्वी लक्षणे जाणवली होती. फक्त ती पोटाची आणि पचनाची होती, स्त्रीरोगाची वाटावीत अशी नव्हती. त्यामुळे कुणाचा त्रास आतड्यांच्या नावे गेला, कुणाचा मानसिक ताणाच्या.

पोट सतत फुगलेले राहणे, चार घासांतच पोट भरणे, पोटात किंवा ओटीपोटात दुखणे, लघवीला वारंवार आणि घाईने लागणे, ही ती लक्षणे. आपल्याकडे यावर ओवा, हिंग नाहीतर पित्ताची गोळी ठरलेली. अधूनमधून होणाऱ्या त्रासाला ते ठीकच. पण हा त्रास वर्षभराच्या आत नव्याने सुरू झालेला असेल आणि महिन्यातले बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर तपासणी हवी, असे गॉफ यांच्याच पुढच्या संशोधनातून सुचवले गेले.

पॅप टेस्ट नॉर्मल आली म्हणजे काळजी मिटली, हेही खरे नाही. ती गर्भाशयमुखाची चाचणी आहे. अंडाशयाबद्दल ती जवळपास काहीच सांगत नाही. ‘पिशवी काढली, आता कसला धोका?’ हा प्रश्नही नेहमीचा. गर्भाशय काढताना अंडाशय ठेवले असतील तर धोका उरतोच.

दरवर्षी सीए-125 ही रक्तचाचणी करून घेणे शहाणपणाचे वाटते, पण पुरावा तसे सांगत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष 2021 मध्ये आले. लक्षणे नसलेल्या स्त्रियांची अशी नियमित तपासणी करूनही मृत्यू कमी झाले नव्हते. शिवाय सीए-125 एंडोमेट्रिओसिसमध्ये, फायब्रॉइडमध्ये आणि पोटाच्या क्षयरोगातही वाढते. भारतात हे शेवटचे कारण विसरून चालत नाही. लक्षणे असलेल्या स्त्रीच्या बाबतीत मात्र सोनोग्राफीच्या जोडीने ही चाचणी उपयोगी पडते.

आनुवंशिक धोका फक्त आईकडून येतो, असे अनेक घरांत धरले जाते. बीआरसीए जनुकांतील दोष वडिलांकडूनही येतो, म्हणून आत्याचा आणि वडिलांच्या आईचा आजारही डॉक्टरांना सांगायला हवा. बीआरसीए-1 मध्ये दोष असलेल्या शंभरपैकी सुमारे चाळीस स्त्रियांना आयुष्यात हा कर्करोग होऊ शकतो. जनुकचाचणी नुसती नातेवाइकांसाठी नसते. ओलापॅरिबसारखे औषध द्यायचे का, हेही तिच्यावर अवलंबून असते.

राहिला आधारगटांबद्दलचा समज: तिथे फक्त धीर मिळतो. धीरही लहान गोष्ट नव्हे. पण रुग्णांच्या संघटित मागणीतून अमेरिकेत 1997 पासून या आजारासाठी स्वतंत्र सरकारी संशोधननिधी सुरू झाला, आणि त्याच्या प्रस्तावांच्या छाननीत शास्त्रज्ञांच्या बरोबरीने रुग्णही गुण देतात. 2013 पासून 8 मे हा जागतिक अंडाशय कर्करोग दिन पाळला जातो, तोही रुग्णसंघटनांच्याच पुढाकाराने. मुंबईत गरज आधी निवाऱ्याची असते. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा जवळची वाटते ती त्यामुळेच. इंडियन कॅन्सर सोसायटी मुंबईत 1951 पासून काम करते. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे; उपचार सुरू होण्याआधीच रुग्णालयातील समाजसेवा विभागात त्याची चौकशी करावी.