लांबच्या सायकल-प्रवासाची शिदोरी

सायकलवरून दूरचा प्रवास करून आलेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न पायांचा विचारतात. पाय किती दुखले? रोज किती किलोमीटर? वास्तविक पायांचे फारसे काही नसते. चार दिवसांत ते सरावतात. प्रवास अडतो तो वीतभर तारेपाशी, बोटाएवढ्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यापाशी, नाहीतर संध्याकाळी सातलाच मान टाकणाऱ्या दिव्यापाशी. आपल्या महाविद्यालयातील चार-पाच जण येत्या हिवाळ्यात कोकणकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जाण्याच्या बेतात आहेत. ‘बरोबर काय काय घ्यावे?’ असे त्यांनी मला विचारले, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. त्यांच्याजवळ ना मोबाईल, ना नकाशा दाखवणारे यंत्र. त्यांच्या धाडसापुढे आपली फेरी म्हणजे पोरखेळच. पण एका बाबतीत त्यांचे आपल्यापेक्षा सोपे होते. त्यांच्या सायकलीत जे मोडण्यासारखे होते ते कुठल्याही लोहाराला कळण्यासारखे होते. आजची सायकल तशी राहिलेली नाही. म्हणून माझा हिशोब असा असतो : वाटेवरच्या गावात जे मिळते त्याचे ओझे वाहू नये, आणि जे मिळत नाही ते घरी ठेवू नये.

आता टायरचेच पाहा. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा टायर २८ × १½ मापाचा. तो रिमवर बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. आपल्या नव्या, गिअरच्या सायकलीला बहुधा ७०० सी मापाचा टायर असतो आणि त्याचा व्यास ६२२. फरक फक्त १३ मिलिमीटरचा, पण तेवढ्याने गावच्या दुकानातला टायर आपल्या काहीच कामाचा राहत नाही. तेव्हा दोन ट्यूब आणि फार लांब जायचे असल्यास घडी होणारा एक टायर बरोबर हवाच. ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा जातीचा असेल तर शेंगदाण्याएवढे पितळी ॲडॉप्टर घ्यावे, म्हणजे मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. दोन घ्यावीत, एक हरवण्यासाठीच असते. ठिगळे, सोल्यूशन, छर्रे, ग्रीस हे सारे तालुक्याच्या गावी मिळते. आपल्या चाकाच्या मापाचे स्पोक मात्र मिळत नाहीत. चार-पाच स्पोक चिकटपट्टीने सायकलीच्या दांडीलाच बांधून टाकावेत.

मागचा गिअर ज्या तुकड्यावर लटकतो त्याला हँगर म्हणतात. सायकल पडली तर सांगाडा वाचावा म्हणून हा तुकडा मुद्दाम नरम केलेला असतो. वाकणे हेच त्याचे काम. त्याचे आकार मात्र इतके की एका सायकलीचा दुसरीला बसेलच असे नाही. मनाली-लेह रस्त्यावर सरचूच्या पुढे माझ्या सोबत्याचा हँगर मोडला. जवळ दुसरा नव्हता. चेन तोडायचा पान्हा होता म्हणून आम्ही गिअरचे यंत्र काढले, चेन आखूड करून मधल्या एका चक्रावर बसवली आणि बिनगिअरच्या सायकलीवर तो निघाला. लाचुलुंग ला ही सुमारे ५,००० मीटर उंचीची खिंड त्याने बहुतेक सायकल ढकलतच ओलांडली. साध्या हँगरने त्याचे ते दोन दिवस वाचले असते.

विजेवर चालणारे गिअर आणि तेलावर चालणारे ब्रेक उत्तमच चालतात. पण तार तुटली तर तार मिळते, तेल गळले तर माणूस मिळत नाही. मी तारेच्या बाजूचा आहे.

आता विजेकडे वळू. इथे जाहिरातींनी पुष्कळ घोटाळा केला आहे. पॉवर बँकेवर १०,००० मिलिअँपिअर-तास असे छापलेले असते. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ३७ वॉट-तासांचा. बाहेर वीज येते ५ व्होल्टने, आणि या रूपांतरात गळती होते. हाती तीसेक वॉट-तास पडतात. ५,००० चा मोबाईल भरायला १९ लागतात. म्हणजे दोनदा नव्हे, दीडदाच. त्याहून मोठी फसवणूक सुट्या लिथियम सेलची. १८६५० मापाच्या सेलवर ९,९०० आकडा दिसला की खुशाल परत ठेवावा. त्या मापाच्या चांगल्या सेलची मजल साडेतीन हजारांच्या आसपास असते.

जुन्या सायकलींना टायरवर घासणारा डायनॅमो असे आणि तो सुरू केला की पाय जड होत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आताचा डायनॅमो चाकाच्या हबमध्येच असतो. ताशी पंधराएक किलोमीटर वेगाला तो ६ व्होल्टने ३ वॉट वीज देतो. एल.ई.डी. दिव्याला ती भरपूर. मोबाईलला मात्र मध्ये चार्जर लागतो, आणि सहा तास सायकल हाकून जेमतेम पंधरा वॉट-तास जमतात. घाटात वेग सहा-सातावर आला की चार्जिंग तुटते, पुन्हा जुळते, आणि दर वेळी मोबाईलचा पडदा उजळून तो उलट वीज खातो. म्हणून डायनॅमोने पॉवर बँक भरावी आणि पॉवर बँकेने रात्री मोबाईल. आठवडाभराच्या कोकणफेरीला एवढा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे रोज मुक्कामी वीज मिळते.

कोकणात शत्रू निराळा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा खाड्या फेरीबोटीतून ओलांडताना खारा वारा प्रत्येक फटीत शिरतो आणि तांब्या-पितळेच्या टोकांवर हिरवा थर चढतो. दिव्यावर आय.पी.एक्स. ७ लिहिलेले असते. त्याचा अर्थ एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास टिकेल. समुद्राविषयी ते काही सांगत नाही. रात्री टोके पुसून व्हॅसलिनचा हलका हात द्यावा. दिवे दोन हवेत आणि वेगवेगळ्या जातीचे : एक चार्जिंगचा, दुसरा साध्या पेन्सिल सेलवर चालणारा. पेन्सिल सेल कुठल्याही टपरीवर मिळतो.

लडाखला जाणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. लिथियम सेल शून्याखालच्या थंडीत भरला तर आतून कायमचा बिघडतो. रात्री पॉवर बँक आपल्याबरोबर पांघरुणात घ्यावी. बाहेरच्या राज्याचे प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागते. आणि परदेशात सर्रास मिळणारी उपग्रहामार्फत निरोप धाडणारी यंत्रे भारतात परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा आहे.

गोव्याच्या मंडळींनी निघण्यापूर्वी एकदा सायकली घेऊन माझ्याकडे यावे. हँगरचे स्क्रू काढून माप घेऊ आणि प्रत्येकाचा एकेक मागवू. यायला पंधरा दिवस तरी लागतात.