नाताळच्या ताटातील नेवरी

दिवाळीच्या पहिल्या दिवशी फराळाचे ताट घेऊन शेजारच्या गोमंतकीय ख्रिस्ती बिऱ्हाडी जाण्याचा आमच्या घरचा जुना परिपाठ. ताट हाती घेताना तिथल्या आजी आईला विचारीत, "बाय, हे देवापुढचं नाही ना?" आई म्हणे, "नाही हो आजी, नैवेद्याचं वेगळं काढलंय." लहानपणी मला त्या प्रश्नाचा राग येई. आपल्या करंजीत वाईट ते काय? पुढे वाचनात आले, की हा प्रश्न आजींचा एकटीचा नव्हे. तो चांगला दोन हजार वर्षांचा आहे.

ग्रीसमधील करिंथ शहराच्या बाजारात येणारे पुष्कळसे मांस देवळात बळी दिलेल्या जनावरांचे असे. ते ख्रिस्ती माणसाने खावे काय? संत पौलाने पत्रातून दिलेले उत्तर मोठे व्यवहारी आहे. मूर्तीत काही नाही, तेव्हा बाजारातले मांस खुशाल खा. पण तुमच्या खाण्याने एखाद्या हळव्या मनाच्या भावाला ठेच लागत असेल तर खाऊ नका. प्रत्यक्ष देवळातल्या पंगतीला बसण्यास मात्र त्याने साफ मना केली. आमच्या आजी नेमक्या याच रेषेवर उभ्या होत्या!

आता खुद्द नाताळचेच पाहा. येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत नाही. २५ डिसेंबर ही तारीख रोममध्ये इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात आढळते, आणि त्याच संग्रहात तो अजिंक्य सूर्यदेवाचाही जन्मदिन म्हणून नोंदलेला आहे. कोणी कोणाकडून घेतला यावर पंडितांचे एकमत नाही. येशूची गर्भधारणा २५ मार्चला मानून पुढे नऊ महिने मोजले, असेही काही म्हणतात. पण शंका घेणाऱ्याला तेवढे निमित्त पुरते.

पोप पहिल्या ग्रेगरीने ६०१ साली इंग्लंडात निघालेल्या मेलिटसला पत्र लिहिले : मूर्ती काढा, पण देवळे पाडू नका, तीर्थ शिंपडून तिथेच वेदी उभारा. लोकांना बैल मारून जेवणावळी घालायची सवय आहे, तर त्या चर्चच्या उत्सवाला घालू द्या. माणसांची सवय एका दमात सुटत नाही, हे या धूर्त आणि दयाळू माणसाने ओळखले होते.

प्युरिटन पंथीयांना असली तडजोड मान्य नव्हती. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरला. १६८१ मध्ये तो कायदा उठला. आजही यहोवाचे साक्षीदार नाताळ पाळीत नाहीत. त्यांचे मत पटो न पटो, स्वतःच्या मनाला स्मरून सणाला मुकणाऱ्याला मी हसणार नाही. दुसऱ्याच्या अंगणात शिरून सण उपटणाऱ्याची गोष्ट वेगळी.

ती गोव्यात घडली. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांना धोतर, चोळी, दारची तुळस, सारे वर्ज्य केले. इतकेच काय, हिंदूंप्रमाणे भात आळणी शिजवून मागाहून मीठ घालणेही गुन्हा ठरले! चुलीवरच्या भाताला धर्म असतो, हे आम्हांस तेव्हाच कळले म्हणायचे.

पण काय गंमत! इन्क्विझिशन १८१२ साली संपले, आणि लग्नाआधी नवरा-नवरीला नारळाचा रस लावण्याचा 'रोस' गोव्यात टिकला. भाताच्या नव्या कणसांना चर्चमध्ये आशीर्वाद मिळू लागला. मुंबईतील ईस्ट इंडियन मंडळी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' साजरा करतात, तोही नव्या पिकाचाच सण. पिकाचा आनंद कोणत्या देवाचा, हे शेताला कोणी विचारावे?

आजी आता नाहीत. त्यांची सून दिवाळीला ताट घेते आणि काही विचारीत नाही. आई मात्र अजूनही नैवेद्याचे आधी वेगळे काढते. नाताळच्या सकाळी ते ताट भरून परत येते. त्यात दोदोल असते, कलकल असतात, आणि शेजारी खोबरे-गुळाच्या सारणाच्या नेवऱ्या. आमच्या घरी त्यांना करंज्या म्हणतात.