व्हायरल ताप आणि मधुमेह: जेवण बंद असले तरी साखर का वाढते?

पावसाळा सुरू झाला की जळगाव, धुळ्याच्या दवाखान्यांत डेंग्यू, चिकुनगुनिया आणि साध्या व्हायरल तापाच्या रुग्णांची गर्दी होते. त्यात मधुमेही रुग्णही असतात. घरच्यांचा हिशोब सरळ असतो: भाकरीचा तुकडाही पोटात गेलेला नाही, मग इन्सुलिन कशाला? दोन-तीन दिवस इन्सुलिन बंद राहते आणि मग रुग्ण ४००च्या वर साखर, उलट्या आणि धाप घेऊन दवाखान्यात येतो.

रक्तातली साखर फक्त जेवणातून येत नाही. यकृतातही तिचा साठा असतो. विषाणूशी लढताना शरीरात कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन यांसारखी संप्रेरके वाढतात. त्यामुळे यकृत साखर रक्तात सोडते आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. म्हणजे उपाशीपोटीही साखर चढते आणि अशा वेळी इन्सुलिनची गरज कमी होण्याऐवजी बऱ्याचदा वाढते. इन्सुलिन पुरले नाही तर शरीर चरबी जाळू लागते, कीटोन नावाची आम्ले साचतात आणि जिवाला धोका निर्माण होतो.

तापात औषधांचे काय करावे?

टाइप १ मधुमेह असेल तर दीर्घकाळ काम करणारे (बेसल) इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करू नका. दर चार तासांनी साखर तपासा आणि डोस डॉक्टरांना फोन करून ठरवा. टाइप २ मध्ये उत्तर गोळीनुसार बदलते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी जेवण नसताना साखर खरोखरच खूप खाली जाऊ शकते. उलट्या-जुलाब होत असतील तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात. शेवटच्या दोन गोळ्यांमुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन वाढू शकतात. म्हणून तुमच्या कोणत्या गोळीचे काय करायचे, हे बरे असतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

आता सलाईनविषयी. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ असा आग्रह आपल्याकडे नेहमी होतो. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते. ताप लवकर उतरावा म्हणून कधी कधी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते, त्यानेही साखर झपाट्याने वाढते. त्यामुळे सुई टोचण्याआधी ‘मला मधुमेह आहे’ हे सांगा आणि बाटलीत, इंजेक्शनमध्ये काय आहे ते विचारा. भेटायला येणाऱ्यांच्या हातात केळी, मोसंबीचा रस आणि ग्लुकोजची पावडर असतेच (जळगावात केळी तर हमखास!). साखर वाढलेली असताना पाणी, बिनसाखरेचे ताक, वरणाचे पाणी बरे. जुलाब असतील तर मात्र मधुमेह आहे म्हणून ओआरएस टाळू नका. डेंग्यूची शंका असेल तर तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका.

साखर सलग दोनदा २५०च्या वर आली, उलट्या थांबत नसतील, श्वास खोल आणि जलद झाला किंवा रुग्ण गुंगीत असेल, तर त्याच वेळी रुग्णालय गाठा. जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. गावाहून निघताना गोळ्यांची पाकिटे आणि इन्सुलिनची कुपी सोबत घ्या.

विषाणूमुळे मधुमेह होतो का?

क्वचित, आणि सरळ मार्गाने नाही. कॉक्सॅकी बी सारख्या एन्टेरोव्हायरसचा टाइप १ मधुमेहाशी संबंध संशोधनात आढळला आहे. अनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातील बीटा पेशींवर उलटते. ही प्रक्रिया अनेकदा आधीपासून चालू असते, ताप फक्त ती उघड करतो. गर्भात असताना रुबेला झालेल्या मुलांनाही पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेमागे बाळांना रुबेलापासून वाचवणे हाही हेतू होता. मधुमेह मात्र एका मुलाकडून दुसऱ्याला लागत नाही, भावंडांना वेगळे ठेवू नका.

तापानंतर मूल सतत पाणी मागत असेल, वारंवार लघवीला जात असेल, पुन्हा अंथरूण ओले करू लागले असेल, वजन घटत असेल, तर ‘व्हायरलचा अशक्तपणा’ म्हणून वाट पाहू नका. बोटावरची साखर त्याच दिवशी तपासून घ्या.

कोविडमध्ये हा संबंध सगळ्यांनीच पाहिला. संसर्ग, त्यावरची स्टेरॉइड आणि अनियंत्रित साखर एकत्र आली की म्युकरमायकोसिसला वाट मिळत होती. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना त्याची नोंद बंधनकारक करायला सांगितले. त्या काळात अनेकांना पहिल्यांदाच ‘साखर निघाली’. अशा वेळी एचबीए१सी उपयोगी पडते, कारण ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. ती ६.५ किंवा जास्त असेल तर मधुमेह बहुधा आधीपासूनच होता. ती कमी असेल तर साखर आजारपणामुळे वाढली असू शकते. मग बरे झाल्यावर साधारण दोन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर पुन्हा तपासा आणि त्यानंतर वर्षातून एकदा.