पट्ट्यांआडची बाई

'द ट्वायलाइट झोन' या मूळ मालिकेचे एकूण १५६ भाग झाले आणि त्यांतले ९२ तिचा जनक रॉड सर्लिंग याने स्वतः लिहिले. धारप-मतकरींच्या गूढकथा वाचत वाढलेल्या माणसाला त्यातले बरेच भाग आवडतात. माझ्या मनात मात्र कित्येक वर्षं एकच भाग ठाण मांडून बसला आहे: ११ नोव्हेंबर १९६० रोजी अमेरिकेत सीबीएसवर दाखवलेला 'आय ऑफ द बिहोल्डर'. त्याचा शेवट पुष्कळांना ठाऊक आहे, त्यामुळे इथे तो लपवत नाही.

इस्पितळाच्या खोलीत जॅनेट टायलर पडून आहे. डोकं, चेहरा, सगळं पट्ट्यांत गुंडाळलेलं. तिचा चेहरा चारचौघांसारखा व्हावा म्हणून चाललेला हा अकरावा उपचार. सरकार याहून जास्त संधी देत नाही. आता जमलं नाही तर तिच्यासारख्यांच्या वेगळ्या वस्तीत रवानगी. पट्ट्या उतरतात. आत निघते एक देखणी तरुणी आणि डॉक्टर हादरून मागे सरतो. मग आपल्याला त्या डॉक्टरांचे, परिचारिकांचे चेहरे दिसतात: डुकरासारखी नाकं, मुरडलेले ओठ, खोल गेलेले डोळे. इस्पितळातल्या पडद्यावरून त्यांचा पुढारी सगळ्यांनी एकसारखं असावं म्हणून गर्जत असतो.

सर्लिंग अशा अद्भुत कथांच्या वाटेला का वळला, हे थोडक्यात सांगतो. एमेट टिल या काळ्या मुलाच्या १९५५ मधल्या हत्येवरून त्याला नाटक लिहायचं होतं. १९५६ मध्ये 'नून ऑन डूम्सडे' प्रसारित झालं, पण प्रायोजकांच्या धास्तीपायी त्यातला अमेरिकेच्या दक्षिणेचा मागमूसही पुसला गेला होता. दुसऱ्या ग्रहावरची गोष्ट म्हटली की तेच प्रायोजक निर्धास्त राहायचे.

पण या भागाचं खरं श्रेय मी दिग्दर्शक डग्लस हेजला देतो. वीसेक मिनिटं एकाही माणसाचा चेहरा दिसू द्यायचा नाही आणि प्रेक्षकाला ते खटकूही द्यायचं नाही, हे काम सोपं नव्हतं. छायालेखक जॉर्ज क्लेमन्सला हाताशी धरून त्याने सावल्या वापरल्या, पाठमोरी माणसं वापरली, सिगारेट धरलेले हात वापरले. विल्यम टटलने रंगभूषेत घडवलेले मुखवटे शेवटपर्यंत अंधारात राहिले. पात्रं निवडतानाही हेजने येणाऱ्यांकडे न बघता फक्त त्यांचे आवाज ऐकले. या लोकांच्या बोलण्यात माया हवी होती, समजूत हवी होती. ती होती म्हणूनच शेवटचा धक्का इतका जबर बसतो. आकाशवाणीच्या श्रुतिका कान देऊन ऐकलेल्यांना ही निवड लगेच पटेल.

पट्ट्यांआड होती मॅक्सिन स्टुअर्ट. वय बेचाळीस. तिच्याकडे डोळे नाहीत, ओठ नाहीत, भुवया नाहीत. आहेत फक्त हात आणि आवाज. खिडकी उघडा म्हणून ती विनवते, फुलांचा वास घेऊ द्या म्हणते, सरकारला काय अधिकार म्हणून उसळते आणि पुन्हा मवाळ होते. पूर्ण भूमिका त्या आवाजावर उभी आहे. पट्ट्या उतरल्यावर मात्र तिच्या जागी आली डोना डग्लस, पुढे 'द बेव्हरली हिलबिलीज'मुळे घरोघरी पोचलेली अभिनेत्री. बेत असा होता की चेहरा डोनाचा दाखवायचा आणि आवाज मॅक्सिनचाच भरायचा. पण डोनाने तालमींत आणि चित्रीकरणात मॅक्सिनचं बोलणं कान देऊन ऐकलं होतं. तिने तो आवाज इतका नेमका उचलला की हेजने शेवटचे संवाद तिलाच बोलू दिले. हे कळलं तेव्हा डोनाबद्दल माझा आदर वाढला. सुंदर दिसण्यापुरतंच तिला बोलावलं होतं, आणि तिने काम केलं ते कानांनी.

तरी मॅक्सिन स्टुअर्टची पुढे नोंदवलेली तक्रार मला रास्त वाटते. सौंदर्याच्या ठराविक साच्यावर कोरडे ओढणारा भाग करताना, पट्ट्यांआतली बाईच बाहेर निघाली तर काय बिघडेल, हा विचार तो बनवणाऱ्यांच्या मनाला शिवलाही नाही. त्यांना तरुण सुंदरीच लागली. धक्क्यासाठी तसं करणं गरजेचं होतं, असं हेजच्या बाजूने म्हणता येईल. पण साधा, वयाच्या खुणा असलेला, आपल्यातलाच चेहरा पाहून ते डॉक्टर किंचाळले असते, तर गोष्ट आपल्या अधिक जवळ आली असती असं माझं ठाम मत आहे.

नावावरूनही भांडण झालं. त्याच नावाची फिल्म असलेल्या एका निर्मात्याने हरकत घेतली आणि काही प्रतींवर 'द प्रायव्हेट वर्ल्ड ऑफ डार्कनेस' असं शीर्षक आलं. मला हे दुसरं नाव अधिक आवडतं. पहिलं बघणाऱ्याच्या डोळ्यांचं आहे, दुसरं तिच्या अंधाराचं.

मॅक्सिन स्टुअर्टला १९८९ मध्ये 'द वंडर इयर्स'मधल्या पियानो शिकवणाऱ्या बाईंच्या भूमिकेसाठी एमीचं नामांकन मिळालं. त्यात तिचा चेहरा दिसतो. २०१३ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ती गेली. हा भाग पुन्हा लावाल तेव्हा पट्ट्या उतरेपर्यंत एकदा तरी डोळे मिटून तिला ऐका.