सुकट घेताना जाळ्याचीही चौकशी करा

बुधवारच्या बाजारातून आम्ही अर्धा किलो सुकट आणली आणि सुपात निवडायला बसलो. खडे, काड्या, शिंपल्यांचे तुकडे हे नेहमीचेच. पण या खेपेला रुपयाएवढी, कागदासारखी पातळ पापलेटची पिल्लेही निघाली, चांगली मूठभर. ती वाढली असती तर एकेकात एका घराचे कालवण झाले असते.

नाशकात समुद्र नाही. ताजे पापलेट आपल्याकडे येते ते पगाराच्या दिवशी, तेही जमले तर. सुकट-बोंबील मात्र बारमाही. भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा बांधून आपली माणसे कामावर जात आली. म्हणून समुद्रातली मासळी टिकते की आटते, हा आपल्याही ताटाचा प्रश्न आहे.

सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. जवळा आणि बोंबील बहुतांशी डोळ जाळ्यात मिळतात. हे जाळे एका जागी बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप आत शिरते. त्यात तळ खरवडला जात नाही. जवळ्याचे आयुष्य मुळातच काही महिन्यांचे आणि पैदास भराभर, तेव्हा सुकट खाण्यात गैर काही नाही. खोट आहे ती जाळ्याच्या शेपटाकडच्या बारीक भोकांत. तिथे पिल्लेही अडकतात. ट्रॉलरचे जाळे तर तळ घासत जाते आणि हवे-नको सगळे ओढून आणते. पर्ससीन जाळे अख्खा थवाच वेढते. झगझगीत दिवे लावून मासळी गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. याउलट गळाने धरलेला मासा एकेकटा येतो.

२०२३ साली राज्य सरकारने पापलेटला राज्यमासा ठरवले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी लहानात लहान माप घालून दिले. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची असते. ताजे पापलेट तिच्याहून दीड सेंटिमीटरपेक्षा अधिक आखूड असेल, तर ते स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. ताजा बोंबील पट्टीहून तीन सेंटिमीटर लांब हवा. सुकल्यावर बोंबील आक्रसतो, तिथे हे माप चालत नाही.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते, कारण तो विणीचा हंगाम. आपल्या आजी-आया मे महिन्यातच सुकट-बोंबलाची बेगमी करून ठेवीत. त्यांना कायदा ठाऊक नव्हता, पण सवय मात्र नेमकी होती!

नदी-धरणाच्या मासळीलाही हेच लागू. जिलेटीनचा बार उडवून किंवा विष घालून मासे मारणे १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा आहे. बाराने मोठ्यांबरोबर बोटभर पिल्लेही मरतात आणि कितीतरी मासे हाती न लागता तळाशी कुजतात. त्यापेक्षा जाळ्यातली रोहू-कटला बरी.

पुढच्या बुधवारी आम्ही विकणाऱ्या मावशींना ती पिल्ले दाखवली. त्या म्हणाल्या, "आम्हाला गोणी बांधूनच येते, बाई." मग त्यांनी स्वतःच दुसरी गोणी सोडली आणि ओंजळभर सुकट तळहातावर पसरून दाखवली. तिच्यात पिल्ले नव्हती. पाच रुपये जास्त पडले.