बिघडलेलं रिव्हॉल्व्हर आणि कानपूरची वाट

वाराणसीत शीतला घाट आणि मुन्शी घाट यांच्या मधे अहिल्याबाई घाट आहे. तिथे पोचलेला मराठी यात्रेकरू अहिल्याबाई होळकरांच्या दानधर्माची आठवण काढतो आणि ते रास्तच आहे. काशी विश्वनाथाचं आजचं मंदिर त्यांनीच 1780 मध्ये बांधवलं. पण याच बाई तोफखानाही सांभाळत, हे फारसं बोललं जात नाही. 1765 मध्ये मल्हाररावांनी सुनेला धाडलेल्या पत्रात तोफा घेऊन ग्वाल्हेर गाठावं, चार-पाच दिवस मुक्काम करून दारूगोळ्याची तजवीज करावी, अशा सूचना आहेत. त्या काळच्या तोफेचं दुखणं उघड्यावर दिसायचं. दर बाराला रंजकाचं छिद्र झिजून रुंदावायचं. तडा गेलेली तोफ वितळवून पुन्हा ओतता यायची. लोहार-सुतार लष्कराबरोबरच चालत, म्हणजे दुरुस्ती शस्त्राकडे येत असे.

आता उलटं आहे. बनारसच्या एखाद्या परवानाधारकाचं .32 रिव्हॉल्व्हर बिघडलं, की ते परवानाधारक विक्रेत्याच्या हाती सोपवून कानपूरकडे डोळे लावून बसावं लागतं. सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवरच्या या शहरातली स्मॉल आर्म्स फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. 1 ऑक्टोबर 2021 पासून ती ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीत आहे. मालक वैतागतो: एवढीशी वस्तू, दोन स्प्रिंगा आणि एक घोडा, गल्लीतला कारागीर तासाभरात करून देईल की!

देईलही. पण त्यात काय बिघडेल, ते समजून घेण्यासारखं आहे.

घोडा मागे ओढला की त्याच्या खाचेत चापाकडचं एक टोक अडकतं आणि ताणलेली स्प्रिंग थोपवून धरतं. ही पकड जेमतेम मिलिमीटरभराच्या कडेवर असते. ही कड टिकावी म्हणून पोलाद तापवून, विझवून तिचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो. अनेक सुट्या भागांत हा कठीण थर मिलिमीटरच्या काही अंशांइतकाच असतो, आत पोलाद मऊच ठेवतात, कारण सगळंच कठीण केलं तर ते ठिसूळ होऊन तुटेल. ‘चाप जड लागतोय’ म्हणून कुणी त्या कडेवर कानस चालवली, तर चाप हलका होतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. मात्र कठीण थर गेलेला असतो. मऊ धातू झिजत जातो, कडेचा कोन बदलतो आणि एक दिवस नुसत्या धक्क्याने घोडा सुटतो.

दुसरं नाजूक ठिकाण म्हणजे सिलिंडर. सहा गोळ्यांचं सिलिंडर प्रत्येक वेळी 60 अंश फिरून नेमकं नळीसमोर थांबलं पाहिजे. किंचित तिरपं थांबलं, तर गोळी नळीच्या तोंडाशी खरवडली जाते आणि शिशाचे कण बाजूच्या फटीतून उडतात. .32 च्या काडतुसात स्फोटाच्या क्षणी हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट दाब तयार होतो. मधून मोडून उघडणाऱ्या जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्याचा ताण बिजागरी आणि वरच्या खिट्टीवर येतो, आणि ती सैल झालेली हाताला कळेलच असं नाही. याच सरकारी कंपनीच्या, 2023 मध्ये आलेल्या ‘प्रबळ’ रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाजूला उघडतं, त्यामुळे सांगाडा अखंड राहतो.

तडा शोधणं तर डोळ्यांचं काम नव्हेच. त्यासाठी पोलादी भागात चुंबकत्व निर्माण करून त्यावर बारीक लोहचूर्ण सोडतात. जिथे तडा असेल तिथे चुंबकीय रेषा बाहेर सांडतात आणि चूर्ण नेमकं त्या रेघेवर गोळा होतं. साध्या नजरेला गुळगुळीत दिसणाऱ्या घोड्यावर अशी काळी रेघ उमटली, की तो भाग थेट भंगारात जातो. नळीची कसोटी याहून कडक असते. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून ती तपासतात. युरोपीय प्रमाणानुसार पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी हा दाब 30 टक्के अधिक असतो. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 पासून अशा परीक्षेचा अधिकार आहे. ही सोय गल्लीत कुठून असणार?

शिवाय कधीकधी चूक मूळ आराखड्यातच असते. तिथे मालक कितीही तेलपाणी करो, उपयोग नाही. अमेरिकेत 2017 मध्ये सिग सॉवर कंपनीचं पी 320 पिस्तूल विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर पडलं तर आपोआप उडतं, असं दिसलं. पिस्तूल जमिनीवर आपटून थांबतं, पण जडत्वामुळे वजनदार चाप पुढचा प्रवास चालूच ठेवतो. कंपनीने ऑगस्टमध्ये, मालकांनी पिस्तुलं पाठवल्यास हलका चाप आणि आणखी काही बदललेले भाग बसवून देण्याची ऐच्छिक योजना जाहीर केली. निदान अकरावीच्या भौतिकशास्त्राचं, उपाय मात्र कारखान्यातच.

आपल्याकडे कायदाही गल्लीच्या बाजूने नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नुसार बंदूक बनवायलाच नव्हे, धंदा म्हणून दुरुस्त करायलाही परवाना लागतो. मोबाईलसारखं जुनं घेऊन नवं हातात ठेवणंही जमत नाही, कारण शस्त्राचा क्रमांक मालकाच्या परवान्यावर चढवलेला असतो. क्रमांक बदलला की परवान्यावर नवी नोंद आलीच. या वाट पाहण्यात थोडी दफ्तरदिरंगाई असते, हे मान्य. तपासणीला लागणारा वेळ मात्र मला तरी मुळीच जाचक वाटत नाही.

बरेच बिघाड घरातच जन्मतात. गंगेला पूर येऊन घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, त्या दिवसांत हवा ओलीच असते. अशा हवेत चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवलेलं रिव्हॉल्व्हर गंजतं, कारण चामडं ओल धरतं आणि कमावतानाचे क्षारही त्यात उरलेले असतात. म्यान फक्त बाळगताना वापरावं. ठेवताना हत्यार पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून कोरड्या जागी कुलपात ठेवावं.

आणि बिघडलंच तर? चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धं मिनिट थांबा. काडतूस उशिराही उडतं. मग रिकामं करा, पुन्हा ओढून पाहू नका. विक्रेत्याकडे देताना पावती घ्या आणि तिच्यावरचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का, ते दुकानातच तपासा.