नदींतील महाशीर मासा

ज्या नदीओढ्यांचें पाणी आपण पिकांस देतों, त्यांतील रहिवाशांचीही थोडी माहिती शेतकरी बंधूंस असावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

दख्खनच्या महाशीराचें पहिलें शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं, पुण्याच्या मुळा-मुठेंतील माशावरून केलें. याचे खवले मोठाले, ओठ जाड व मिशांच्या जोड्या दोन. जबड्यांत दांत नाहींत. ते घशांत असतात. त्यांनीं शिंपल्यासुद्धां भरडतो. पाण्यांत पडलेलीं फळें, किडे व लहान मासेही खातो.

पावसाळ्यांत हा मासा ओढीच्या पाण्याविरुद्ध वर चढतो व गोट्यांच्या तळावर अंडीं घालतो. रोहू-कटल्याच्या मानानें तीं फारच थोडीं. तीन-चार दिवसांत पिलें निघतात व कांहीं दिवस दगडांच्या सांदींत दडून राहतात. त्यांस वाहतें, स्वच्छ पाणी हवें. गाळ बसला कीं अंडीं गुदमरलींच. म्हणून बंधाऱ्यानें वाट अडली, वाळू उपसली किंवा चढणीचे मासेच मारले, तर पुढची पिढी बुडते.

लोणावळ्यास टाटांच्या वळवण येथील केंद्रांत १९७० नंतरच्या दशकांत महाशीराचें बी तयार होऊं लागलें. काम स्तुत्यच, परंतु तेंच बी दूर कावेरींत सोडलें गेलें. तेथें तें फोफावलें व तेथील मूळचा पाठीस उंचवटा असलेला महाशीर मागें पडला. तो २०१८ सालीं जागतिक यादींत अतिसंकटग्रस्त ठरला. बियाणें चांगलें असलें, तरी तें कोणत्या खोऱ्याचें हें पाहावेंच लागतें.

याउलट वाडा तालुक्यांत वैतरणेवरील तिळसे व महाड तालुक्यांत काळ नदीवरील वाळण कोंड येथें देवाच्या डोहांतील मासे कोणी मारीत नाहीं. तेथें पहारा श्रद्धेचाच.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली. सातबाऱ्यावर विहिरीची व झाडांची नोंद होते. डोहांतील माशांची होत नाहीं. ज्याची नोंद नाहीं, त्याचा राखणदारही कोणी नसतो. तरी काठच्या खातेदारांनीं फवारणीचे पंप ओढ्यांत धुऊं नयेत, डोहांत सुरुंग वा विष पडूं देऊं नये, आणि पहिल्या पुरांतील चढणीच्या माशांस वाट द्यावी. यास खर्च कांहींच नाहीं; गांवाचा एकविचार मात्र हवा.